एकतीस मे नंतरचे दिवस : सेवानिवृत्ती आणि मनःस्वास्थ्य

मे महिन्याचा अखेरचा दिवस हा हिंगोली जिल्ह्यातील सरकारी कचेऱ्यांत निरोपाचा दिवस असतो. ऊन कडक, बहुतेक विहिरी तळाला गेलेल्या आणि शाळा बंद. तरीही पंचायत समित्यांच्या सभागृहांत, एस.टी. आगारांत, पाटबंधारे व महसूल खात्यांच्या कार्यालयांत त्या दिवशी शाली, श्रीफळे आणि हार यांची लगबग दिसते. वर्षातील इतर कोणत्याही महिन्यापेक्षा या एका दिवशी सेवानिवृत्त होणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी मोठी असते.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. आज जे निवृत्त होत आहेत ते १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे पहिलीत बसलेले. त्या काळी खेड्यांत जन्माची नोंद बहुधा होत नसे. बाप मुलाला शाळेत घेऊन येई, गुरुजी मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत आणि कान हाती आला की प्रवेश होई. जन्मतारखेच्या रकान्यात शाळा सुरू होण्याचा महिना पाहून १ जून लिहिले जाई. तीच तारीख पुढे सेवापुस्तकात आली. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम आहे. म्हणून १ जून १९६७ अशी नोंद असलेला कर्मचारी वयाची ५८ वर्षे पुरी होताच ३१ मे २०२५ रोजी सेवेतून मुक्त झाला. आदेशात ‘नियत वयोमानानुसार’ आणि ‘मध्यान्होत्तर’ असे दोन शब्द असतात. गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या एका तारखेने मनुष्याच्या आयुष्याचा दुसरा सांधा असा अचूक बसविला जातो.

शिक्षकांच्या बाबतीत यात आणखी एक विसंगती आहे. ते निवृत्त होतात तेव्हा शाळेत मुलेच नसतात. शेवटचा तास सुट्टी लागण्यापूर्वी केव्हाच होऊन गेलेला असतो आणि तो शेवटचा होता हे मुलांच्या ध्यानातही आलेले नसते.

निरोप समारंभात जी भाषणे होतात त्यांत ‘दुसऱ्या डावास शुभेच्छा’ हे वाक्य हमखास असते. ते सद्भावनेनेच उच्चारले जाते. तथापि पहिल्या डावात जसे मैदान, सोबती आणि पंच ठरलेले होते, तसे दुसऱ्या डावात काहीच ठरलेले नसते, हे सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नेहमीप्रमाणे जाग येते. आंघोळ होते, वर्तमानपत्र वाचून होते आणि घड्याळात आठच वाजलेले असतात. मनाच्या दृष्टीने सेवानिवृत्तीचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्या आठ वाजता सुरू होतो.

सर्वांनाच निवृत्ती नसते

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ७७ हजार आणि तीपैकी सुमारे ८५ टक्के खेड्यांत राहणारी. येथे सोयाबीन, कापूस व तूर पिकते, पूर्णेच्या पाण्यावर ऊस होतो आणि वसमत-हिंगोलीची हळद तर दूरवरच्या बाजारात जाते. अशा जिल्ह्यात ठरावीक तारखेला काम थांबणारा मनुष्य हा अपवाद असतो. शेतकऱ्याला निवृत्तीचा आदेश कोणी देत नाही. हात थकले की नांगरट मुलाकडे जाते. पण हळदीचे बेणे निवडणे, वाळत घातलेल्या हळदीची राखण करणे, दावणीच्या जनावरांकडे पाहणे, मजुरांचा हिशेब ठेवणे ही कामे वडीलधाऱ्याकडे राहतात. पेरणी कधी धरावी हे त्याला अजून विचारले जाते. त्याचे काम वर्षांमागून वर्षे थोडे थोडे उतरत जाते आणि मनाला त्या उतारावर सावरण्यास अवधी मिळतो. याचा अर्थ शेतकऱ्याचे म्हातारपण सुखाचे असते असा मुळीच नव्हे. त्याला निवृत्तिवेतन नाही, कर्ज आहे आणि अंगात बळ नसतानाही रानात जावे लागते. परंतु काम एका दुपारी संपून जाण्याचा धक्का त्याच्या वाट्याला येत नाही.

तो धक्का पगारदाराच्या वाट्याला येतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य सेविका, वीज मंडळाचे तारमार्ग कर्मचारी, एस.टी.चे चालक व वाहक, सिद्धेश्वर व इसापूर या प्रकल्पांवरचे कालवा कर्मचारी, हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक १२ मधील जवान अशी ही मंडळी आहेत. यांतील अनेकजण परभणी जिल्ह्याच्या आस्थापनेवर नोकरीस लागले व जिल्हा विभागल्यावर हिंगोलीकर झाले. घरातील पहिला नोकरदार असे त्यांच्यापैकी पुष्कळांचे वर्णन करता येईल. त्यांच्या वडिलांनी शेतीच केली. निवृत्त कसे व्हावयाचे याचा धडा त्यांना घरात पाहावयास मिळालेला नाही, ही लहानशी वाटणारी गोष्ट वस्तुतः महत्त्वाची आहे.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा निवृत्तिवेतनास ‘वजीफा’ म्हणत आणि ते घेणाऱ्यास ‘वजीफायाब’. ‘निवृत्त’ या संस्कृत शब्दात मागे फिरण्याचा अर्थ आहे, तर ‘वजीफायाब’ म्हणजे काही प्राप्त झालेला. शब्दांनी मनाचे दुखणे बरे होत नाही हे खरे, परंतु मनुष्य स्वतःची गणना कशात करतो हे त्यांवरून थोडेफार कळते.

पगाराखेरीज नोकरी काय देते

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर हिंगोलीपासून फार दूर, ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या लहानशा गावात मिळाले. जगभर मंदी आली तेव्हा तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनी त्या गावाची पाहणी करून १९३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून लोकांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजला. पुरुष संथ चालत आणि वारंवार थांबत. दिवसभरात काय केले हे लिहून काढण्यास सांगितले तर त्यांना दोन-तीन गोष्टींपलीकडे काही आठवत नसे. हाती वेळच वेळ असूनही वाचनालयातून बाहेर जाणारी पुस्तके कमी झाली होती. स्त्रियांचे चित्र मात्र वेगळे होते. त्या भराभर चालत. कारण चूल, मुले आणि शिवणटिपण ही त्यांची कामे गिरणीबरोबर बंद पडली नव्हती.

पुढे याहोडा यांनी या निरीक्षणातून असे मांडले की, नोकरी मनुष्याला वेतनाखेरीज पाच गोष्टी नकळत देत असते : दिवसाची बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून करावयाच्या कामातील सहभाग, समाजातील एक ओळख आणि हातांना नियमित हालचाल. बेकारी आणि सेवानिवृत्ती एक नव्हेत. निवृत्ताला दरमहा वेतन मिळते व त्याच्या नावावर कसलाही कलंक नसतो. परंतु वरील पाच गोष्टी त्याच्याही हातून जातात, आणि त्या जात आहेत हे त्याला ठाऊक नसते, कारण त्या मिळत होत्या हेच कधी त्याच्या लक्षात आलेले नसते. कळमनुरी तालुक्यातील एखाद्या खेड्यात तीस वर्षे शिकविलेल्या गुरुजींचा विचार करावा. बसथांब्यावर कोणीतरी जागा देई, अर्ज लिहून घ्यावयास माणसे घरी येत, कोणाच्या मुलीचा दाखला, कोणाच्या भावकीचा तंटा असे काही ना काही चाललेले असे. निवृत्तीनंतर ते तालुक्याच्या गावी बांधलेल्या घरात राहावयास येतात. तेथे शेजारच्या दारावरच्या पाटीखेरीज त्यांना कोणाची ओळख नसते. ‘गुरुजी’ अशी हाक दिवसभरात एकदाही ऐकू येत नाही. त्यांना दुःख असे काही नसते. फक्त करमत नसते.

निवृत्ती वाईटच असते काय

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘रिटायर झाला की मनुष्य खचतो’ असे सरसकट बोलले जाते, त्यास अभ्यासांचा आधार नाही. फ्रान्समधील वीज व गॅस कंपनीच्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती निवृत्तीपूर्वी सात वर्षे आणि निवृत्तीनंतर सात वर्षे अशी सलग गोळा करण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, निवृत्तीबरोबर थकवा बराच कमी झाला आणि उदासीनतेची लक्षणेही घटली. मधुमेह, हृदयविकार यांसारख्या दीर्घ आजारांवर मात्र निवृत्तीचा काही परिणाम दिसला नाही. लंडनमधील शासकीय नोकरांच्या प्रदीर्घ पाहणीतही निवृत्तांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसले, पण ती सुधारणा वरच्या श्रेणीतील नोकरांपुरती होती. खालच्या श्रेणीतील नोकरांना तो लाभ झाला नाही.

हे आपल्याकडेही सहज पटण्यासारखे आहे. मुक्कामी गाडीवर वर्षानुवर्षे परगावी रात्री काढलेल्या एस.टी. चालकास, सणासुदीला बंदोबस्तावर असलेल्या जवानास किंवा रात्रीबेरात्री बाळंतपणासाठी उठविल्या गेलेल्या आरोग्य सेविकेस घरी शांत झोप मिळणे हेच केवढे औषध आहे! नोकरीत ज्यांची शक्ती पिळून निघाली त्यांना निवृत्ती सुटकेसारखी वाटते. ज्यांचे सारे व्यक्तित्व खुर्चीत गुंतलेले होते, ज्यांना प्रकृतीमुळे मुदतीआधी काम सोडावे लागले, किंवा ज्यांच्या घरी देणी आणि आजारपणे वाट पाहत होती, त्यांना ती जड जाते. म्हणजे निवृत्तीचा परिणाम हा बराचसा आधीच्या आयुष्यावर अवलंबून असतो.

रॉबर्ट अॅचली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे वर्णिले आहेत. आरंभी एक हौसेचा काळ असतो. यात्रा होतात, नातलगांकडे जाणे होते, राहिलेली कामे उरकतात. मग हळूहळू उत्साह ओसरतो व एक पोकळी जाणवते. पुष्कळजण त्यातून वाट काढून नवा दिनक्रम बसवितात. काहीजण त्या पोकळीतच अडकून राहतात. प्रत्येकजण याच क्रमाने जातो असे नाही. तरीसुद्धा घरच्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे की, पहिले तीन महिने आनंदात गेले म्हणजे सारे स्थिरस्थावर झाले असे नव्हे. चारधाम यात्रेचे फोटो दाखवून झाल्यावर जो काळ येतो तो अधिक नाजूक असतो.

पैसा हाती येतो तेव्हा

मानसिक स्वास्थ्याच्या चर्चेत पैशाचा विषय टाळण्याची प्रथा आहे. ती योग्य नव्हे. ग्रामीण भागात निवृत्तांची झोप उडविणाऱ्या कारणांत हे एक मोठे कारण असते. उपदान, भविष्य निर्वाह निधी, गटविमा, शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण आणि निवृत्तिवेतनाच्या काही भागाचे अंशराशीकरण मिळून जी रक्कम निवृत्ताच्या खात्यावर जमा होते, तेवढी त्याने आयुष्यात एकत्र पाहिलेली नसते. आणि ती जमा होणार हे घरादाराला, भावकीला, गावाला आधीच ठाऊक असते. थोरल्याला दुकान घालावयाचे असते, धाकट्याला संस्थेत नोकरीसाठी ‘भरावयाचे’ असतात, मुलीचे लग्न राहिलेले असते, भावाचे शेत गहाण असते. जो नाही म्हणतो तो कठोर ठरतो आणि जो हो म्हणतो तो सहा महिन्यांत रिकामा होतो. मग ‘ज्यांच्यासाठी केले तेच बोलत नाहीत’ हे दुखणे सुरू होते. त्यावर औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही.

अंशराशीकरण केलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो, तोवर दरमहाची रक्कम कमीच येते. हा हिशेब निवृत्तीपूर्वी पत्नीसमवेत, कागदावर, बसून केलेला बरा. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नसून अंशदानावर आधारित योजना लागू झाली, त्यामुळे त्यांना हा हिशेब अधिकच लवकर करावा लागेल.

पैशाशी मानाचाही संबंध आहे. ‘आता बसून खातो’ असे स्वतःविषयी म्हणणारे निवृत्त गृहस्थ थोडे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या प्रकरणात दिलेल्या निर्णयात स्पष्ट केले की, निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे, तर पूर्वी केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. निवृत्तांच्या संघटना तो दिवस दरवर्षी पाळतात. बसून खाण्याचा प्रश्नच येत नाही. जे मिळते ते आधीच कमावलेले असते.

घर तेच, घड्याळ वेगळे

पती निवृत्त होतो तेव्हा पत्नीची निवृत्ती होत नाही, ही गोष्ट मराठी घरांत क्वचितच उच्चारली जाते. मारिएन्थालच्या स्त्रियांप्रमाणे तिचा दिवस पूर्वीसारखाच चालू असतो. उलट आता दुपारचा चहा वाढतो आणि स्वयंपाकघरात देखरेखही वाढते! तीस वर्षे कार्यालयात चुका काढण्याची सवय झालेला मनुष्य डब्यांवरची झाकणे आणि नळाचे थेंब यांकडे वळतो. सून-मुलगा गप्प बसतात, पत्नी चिडते आणि तो म्हणतो की या घरात आपले कोणी ऐकत नाही. जी स्त्री स्वतः शिक्षिका वा परिचारिका म्हणून निवृत्त होते, तिच्याबाबत तर घरातील सर्वांची अशी समजूत होते की आता ती नातवंडांसाठी पूर्ण वेळ मोकळी झाली. तिचेही सहकारी, तिचा पगाराचा दिवस, तिचे बसमधील सोबती गेलेले असतात. परंतु तिला करमत नाही हे विचारण्याचे कोणास सुचत नाही.

वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले तेव्हापासून निवृत्तीनंतर सर्वस्व वाटून टाकणारा बाप हा मराठी माणसाच्या मनात घर करून बसला आहे. त्या नाटकाचा आधार घेऊन दोष मुलांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. प्रत्यक्षात बहुतेक घरांत कोणी दुष्ट नसते. हिंगोलीतील मुलगा पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नोकरीस असतो, कर्जाचे हप्ते भरत असतो, आठवड्यातून दोनदा फोन करतो आणि ‘बाबा, आता आराम करा’ असे मनापासून सांगतो. आरामाचाच कंटाळा आलेल्या मनुष्याला हा सल्ला कसा लागतो हे त्याला कळत नाही. जप करा, नामस्मरण करा असे सांगणाऱ्यांचेही तसेच. ज्याला मुळात त्याची गोडी आहे तो ते करीतच असतो.

‘करमत नाही’ आणि आजार यांतील सीमा

काही महिने मन न लागणे हे स्वाभाविक आहे. त्याला आजार म्हणण्याचे कारण नाही. परंतु उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे हे सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ राहिले आणि त्याबरोबर झोप, भूक, बळ, एकाग्रता बिघडू लागली, तर ते नैराश्य हा आजार असण्याचा संभव धरला पाहिजे. मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजता जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे हे त्याचे फार वेळा दिसणारे लक्षण.

अडचण अशी की, आपल्याकडचा वयस्क मनुष्य ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो की डोके जड आहे, छातीत धडधडते, पोट साफ होत नाही, अंगात कणकण आहे, पायांत जीव नाही. डॉक्टर रक्त तपासतात, हृदयाचा आलेख काढतात. सारे ठीक निघते आणि मग शक्तीची सलाईन लावली जाते. दोन दिवस बरे वाटते. पुन्हा तेच. पुरुषांत हा आजार पुष्कळदा चिडचिडीच्या किंवा वाढलेल्या मद्यपानाच्या रूपाने येतो आणि लोक त्याला स्वभाव म्हणतात. कधी विसरभोळेपणा इतका वाढतो की स्मृतिभ्रंशाची शंका यावी, आणि नैराश्यावर उपचार झाल्यावर स्मरण सुधारते. उलटपक्षी थायरॉईडचे विकार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधे, किंवा कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने तुटलेला संवाद हीसुद्धा उदासीनतेमागची कारणे असतात. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करणे रास्तच आहे; मात्र तपासणी निर्दोष निघाली म्हणजे दुखणे खोटे आहे असा निष्कर्ष काढणे रास्त नव्हे.

या आजाराचे प्रमाण किती, याची देशव्यापी मोजदाद २०१७-१८ मध्ये ७२ हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत झाली. तिचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींना लक्षणांविषयी पद्धतशीर प्रश्न विचारले असता ८.३ टक्के व्यक्तींत नैराश्याचा संभव आढळला. डॉक्टरांनी आपल्याला हा आजार असल्याचे सांगितले, असे म्हणणारे होते ०.८ टक्के. म्हणजे दहांपैकी नऊजण आजार अंगावर काढीत आहेत आणि त्यांच्या घरी ‘वय झाले’ एवढेच निदान आहे.

एका बाबतीत घरच्यांनी विलंब लावू नये. ‘माझे आता काय उरले’, ‘मी तुम्हाला भार झालो’ असे वारंवार बोलणे, कागदपत्रे व दागिने अचानक वाटून देणे, औषधे किंवा जेवण सोडणे ही धोक्याची चिन्हे असू शकतात. जीव नकोसा वाटतो काय, असे आपुलकीने स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बोलणे सुरू होते. त्यानंतर मनुष्याला एकटे न ठेवता, घरातील कीटकनाशके दृष्टीआड करून, त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. शेतकरी घरांत फवारणीचे औषध कोठे ठेवलेले असते हे सर्वांना माहीत असते, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे.

उपचार कोठे आणि कसा

नैराश्यावरची औषधे गुण दाखविण्यास दोन ते चार आठवडे, वयस्कांत कधी त्याहून अधिक काळ घेतात. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही म्हणून ती सोडून देणारे पुष्कळ. ही औषधे झोपेच्या गोळ्यांसारखी सवयीची नव्हेत, परंतु ती आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत. रक्तदाब, मधुमेह यांच्या चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखविणे आवश्यक असते.

सौम्य प्रकारात मात्र औषधाहून वेगळी वाट उपयोगी पडते, आणि तिचा उत्तम पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. तेथील प्राथमिक दवाखान्यांत येणाऱ्या, साठीपुढील, उदासीनतेची थोडी लक्षणे असलेल्या पण पूर्ण आजार न जडलेल्या १८१ व्यक्तींवर झालेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या व्यक्तींकडे प्रशिक्षण दिलेले सामान्य समुपदेशक जात. ते डॉक्टर नव्हते. एकेका अडचणीचे लहान तुकडे करून ती सोडविणे, झोपेच्या सवयी सुधारणे, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी घेणे आणि मिळू शकणाऱ्या शासकीय योजनांचा लाभ पदरात पाडून घेणे, एवढेच ते शिकवीत. वर्षभरात त्या गटातील ९१ पैकी ४ व्यक्तींना नैराश्याचा आजार झाला. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटातील ९० पैकी १३ जणांना झाला. एखादा अर्ज भरून देणे हासुद्धा मनाच्या उपचाराचा भाग होऊ शकतो, ही गोष्ट कचेऱ्यांत काम करणाऱ्यांनी नोंद घ्यावी अशी आहे.

देशात १९९६ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतू हाच की, मनाच्या आजारासाठी दूरच्या मनोरुग्णालयात जावे लागू नये व उपचार जिल्ह्याच्या रुग्णालयापासून मिळावेत. हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले असून त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. ज्यांना दवाखान्याची पायरी चढण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही, मराठीतून व विनामूल्य बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी, म्हणजे घरातील छळ, निवारा, योजनांची माहिती यांसाठी, १४५६७ हा वेगळा क्रमांक आहे.

आणखी एक सोय आरोग्य खात्याची नसूनही आरोग्याची आहे. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते. सेनगावची आजी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनास जाते, वाटेत बहिणीकडे उतरते, आणि परतीच्या गाडीत तिला दोन ओळखीच्या बाया भेटतात. एवढ्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

आदेश निघण्यापूर्वी

कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनाचे कागद प्रत्यक्ष निवृत्तीच्या बरेच आधी हलू लागतात. सेवापुस्तक पडताळले जाते, ना-देय प्रमाणपत्रे गोळा होतात. त्याच काळात दिवस कसा जाणार याचाही विचार व्हावयास हरकत नाही. निवृत्तीनंतर नवा छंद लावून घेईन असे म्हणणारे अनेक. पण साठाव्या वर्षी अचानक लागणारे छंद फार थोडे. जे आधीपासून थोडेफार चालू असते तेच पुढे वाढते. भजनी मंडळात टाळ धरणारा लिपिक, सुट्टीच्या दिवशी शेतावर जाणारा शिक्षक, गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असलेला ग्रामसेवक यांना १ जूनची सकाळ तितकी लांब वाटत नाही. नर्सी येथून आषाढीसाठी निघणाऱ्या संत नामदेवांच्या पालखीबरोबर पहिल्यांदाच चालावयाचे ठरविणारे निवृत्त वारकरीही असतात. पण त्यांच्या घरी वारी आधीच आलेली असते.

निवृत्तांच्या कसबाचा उपयोग करून घेण्याची जागा गावातच असते. सातबारावरील नोंदीचा अर्थ सांगणारा निवृत्त तलाठी, पीक विम्याचा अर्ज समजावून देणारा कृषी सहाय्यक, दहावीला गणितात अडलेल्या मुलांना ओसरीवर बसविणारे गुरुजी या तिघांनाही कोणीतरी आपण होऊन विचारावे लागते. मारिएन्थालच्या यादीतील बहुतेक गोष्टी अशा एका तासात परत मिळतात. ज्येष्ठ नागरिक संघ हा दुसरा आधार. महाराष्ट्रातील अशा संघांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० पासून कार्यरत आहे. संघात केवळ वाढदिवस साजरे होतात अशी टीका ऐकू येते. होत असतील, पण आठवड्यातून एकदा ज्याची गैरहजेरी लक्षात येते, त्याच्या घरी चौकशीला कोणीतरी जाते, हा लाभ लहान नव्हे.

निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ या संगणकीय पद्धतीने देण्याची सोय झाली असून अंथरुणाला खिळलेल्यांना ती वरदान ठरली आहे. ज्यांचे पाय चालतात त्यांनी मात्र बँकेत जाऊन यादीवर सही करण्याचा जुना रिवाज सोडण्याची घाई करू नये. त्या रांगेत एकेकाळचे मुख्याध्यापक, वाहक आणि हवालदार एकमेकांना ओळखतात, कोण दिसत नाही याची विचारपूस करतात, आणि काम दहा मिनिटांत आटोपले तरी बाहेरच्या हॉटेलात चहा घेऊन दुपारच्या गाडीने घरी जातात.